एकशे सदुसष्टावी वळकटी

मी पोटासाठी नेमकं काय करतो हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. एकदा फारच खोदून विचारलं तेव्हा सोप्या भाषेत सांगितलं, "अगं, मी कॅमेऱ्यांना बघायला शिकवतो." व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आधी स्वतः शिक. फ्रिज उघडून समोरची लोणच्याची बरणी दिसत नाही तुला." माझ्या मागे उभी असलेली माझी बायको शुभदा इतकी हसली, की खालच्या मजल्यावरच्या तामिळ वहिनींनी नंतर काय झालं म्हणून विचारलं. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत भिंती पातळ आणि शेजारी आपलेच, त्यामुळे फजिती लपत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकीणबाईंनी फर्मान काढलंय, "बापट, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा." तसे अनुभव आहेत. पण एक असा आहे, की तो घरी मी अनेकदा सांगितलाय आणि प्रत्येक वेळी अर्धाच सांगितलाय. मी सुरुवात केली की आमची लेक ओवी जपानीत "मता?" म्हणते, म्हणजे "परत?", आणि कानाला हेडफोन लावते. तिने ऐकलेल्या गोष्टीत बर्फ आहे, वारा आहे, एक म्हातारी बाई आहे आणि शेवटी ती वाचते. त्यातली अठरा मिनिटं मात्र मी गाळतो. त्या अठरा मिनिटांत ती बाई मरत चालली होती, आणि ते माझ्या हातून होत होतं. आज ती मिनिटं लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो. आमचं ऑफिस तोयोसुला, खाडीकाठच्या काचेच्या टॉवरमध्ये. २०११च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर गावोगावच्या कचेऱ्यांनी नद्यांवर, बांधांवर, शेतांच्या कडेला कॅमेरे बसवायला घेतले. त्यातलं एका लहान गावाचं काम आमच्याकडे आलं. गाव उत्तरेला, जपानी समुद्राच्या बाजूला, जिथे हिवाळ्यात बर्फ दाराच्या वर चढतो. नाव लिहीत नाही, कारण त्यांचा काही दोष नव्हता. गावात तरुण मंडळी थोडी, म्हातारी फार. आजोबा पहाटे फावडं घेऊन दारातला बर्फ काढायला निघतात, घसरून पडतात आणि वरून बर्फ पडत राहतो. अशा माणसाला लवकर गाठलं नाही तर संपलं. म्हणून आमचा कॅमेरा दिवसभर एकच प्रश्न विचारत बसायचा: मगाशी इथे नव्हतं आणि आता आहे, असं काही दिसतंय का? दिसलं आणि दहा मिनिटं हललं नाही, तर कचेरीत अलार्म वाजायचा. तिथला माणूस चित्र बघायचा आणि गरज वाटली तर अग्निशामक दलाच्या स्वयंसेवकांना धाडायचा. थोडक्यात, चाळीच्या गॅलरीत बसून सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या काकूंचं काम आम्ही यंत्राला दिलं होतं. फरक इतकाच, की काकू चुकत नसत.

आमचं यंत्र पहिल्या हिवाळ्यात भरपूर चुकलं. एका शेतकऱ्याने बुजगावण्याला आपल्या वडिलांचा जुना कोट घातला होता. लागोपाठ तीन दिवस चार स्वयंसेवक त्या बुजगावण्याला वाचवायला धावले. चौथ्या दिवशी शेतकरी स्वतः कचेरीत आला, कमरेत वाकून माफी मागितली आणि म्हणाला, "वडील जिवंत होते तेव्हाही लोकांना असाच त्रास द्यायचे." दुसरे एक आजोबा रोज तीन वाजता मुद्दाम कॅमेऱ्यासमोर येऊन स्तब्ध उभे राहायचे. नऊ मिनिटं. दहाव्या मिनिटाला हात हलवून निघून जायचे. आमचं सॉफ्टवेअर एवढ्या चिकाटीने दुसऱ्या कुणीच तपासलं नाही.

आणि यंत्र चालतं याचा सर्वांत भक्कम पुरावा मी स्वतः होतो. तोयोसुच्या गुळगुळीत तळव्यांच्या बुटांनी मी एका खांबाची तपासणी करायला गेलो आणि आडवा झालो. पाय मुरगळला होता. फोन आतल्या खिशात, अंगावर शुभदाने कोंबलेले तीन स्वेटर, डोक्यावर आईने विणलेली माकडटोपी. खिशापर्यंत हात पोचेना. पडल्या पडल्या मनात मिनिटं मोजत होतो. अकराव्या मिनिटाला अलार्म वाजला असणार, कारण थोड्याच वेळात स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन हजर. टोपी बघून त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "हे कोण?" दुसरा म्हणाला, "सिस्टीम."

त्या कचेरीत आमचं काम बघायचे कोंदो-सान. निवृत्त होऊन पुन्हा नेमलेले, कानात लोकर भरल्यासारखे पांढरे केस, बोलणं मोजकं. त्यांची एक सवय मला छळायची. ती त्यांची एकट्याची नव्हे, तो इथला रिवाजच आहे. रेल्वेचे चालक, कारखान्यातले कामगार, सगळे तपासणी करताना त्या वस्तूकडे बोट रोखतात आणि मोठ्याने "योशी!" म्हणतात. म्हणजे "ठीक!" नुसतं बघितलं तर डोळा झोपतो, बोट आणि तोंड हललं की डोळ्याला जागं राहावं लागतं. कोंदो-सान प्रत्येक अलार्मची यादी कागदावर छापून घ्यायचे, पडद्यावर चित्र उघडायचे, बोट रोखायचे, "योशी!" म्हणायचे आणि कागदावर खूण करायचे. रोज पाच-सहा अलार्म, तोवर ठीक होतं. तरी मी मनात म्हणायचो, एवढं महागाचं यंत्र घेतलं आणि हे गृहस्थ त्याला पाढे म्हणून दाखवतायत.

ती सकाळ भूकंपानंतरच्या चौथ्या हिवाळ्यातली. मी गावात देखभालीच्या फेरीला आलो होतो, एका घरगुती खानावळीत उतरलो होतो. रात्रभर वाऱ्याने खिडक्या ठोकल्या. उजाडताना वारा पडला. सातच्या सुमाराला खानावळीच्या बाई मिसोचं सूप वाढता वाढता खिडकीकडे बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे देवा." त्यांच्या खांद्यावरून मी बाहेर पाहिलं.

काल संध्याकाळी ज्या शेतांवर सपाट पांढरी चादर होती, तिथे आता शेकडो गोल वस्तू पडल्या होत्या. काही कलिंगडाएवढ्या, काही कोठीतल्या पिंपाएवढ्या. बांधापासून डोंगरापर्यंत, रांग नाही, हिशोब नाही. प्रत्येकीच्या मागे बर्फावर एक लांब चर. आणि कुठेही माणसाचं पाऊल नाही. देवधर्म फारसा न करणारा माणूस मी, पण हात आपोआप जोडले गेले.

"युकिमाकुरी," बाई म्हणाल्या. "वाऱ्याने वळलेला बर्फ. मी लहानपणी एकदा पाहिला होता."

नंतर समजून घेतलं ते सांगतो. खाली जुना, कडक झालेला बर्फ लागतो. त्यावर पातळसा, ओला, चिकट नवा थर. थंडी अशी, की तो थर वितळतही नाही आणि भुरभुरतही नाही. मग जोराचा वारा त्या थराची कड उचलतो, दुमडतो आणि ढकलत नेतो. थर गुंडाळत जातो, वाढत जातो, जड झाला की थांबतो. मधला गाभा कच्चा असतो, तो उडून जातो. म्हणून पुष्कळदा मधोमध आरपार भोक. आपल्याकडे पाहुणे गेल्यावर गादीची वळकटी करतात, अगदी तशी. नाहीतर सुरळीची वडी, फक्त फोडणी नसलेली. हे सगळं एकाच वेळी जुळून यावं लागतं, म्हणून लोकांना आयुष्यात एखाद-दोनदाच दिसतं.

पण त्या क्षणी मला वडी आठवली नाही. मला कॅमेरे आठवले. मगाशी नव्हतं आणि आता आहे. हलत नाही.

सूप तसंच टाकून धावलो. कचेरीत पोचलो तर अलार्मचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. यादीत कॅमेऱ्यांच्या क्रमाने चारशे बारा नोंदी. कोंदो-सान खुर्चीत ताठ बसलेले, समोर नुकतीच छापलेली कागदांची चळत.

"योशी!" ते म्हणाले. खूण केली. "बापट-सान, सुप्रभात. ही चौदावी."

"कोंदो-सान, हा सगळा बर्फ आहे!"

"हो. युकिमाकुरी. एवढी मीही कधी पाहिली नाही."

"मग चारशे चित्रं का बघताय?"

"यादीत आलंय म्हणून."

मी बाजूच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. माझी सगळी हुशारी उफाळून आली होती. टोकियोहून आलेला तज्ज्ञ, समोर संकट, आणि बोटं कीबोर्डवर. मी यंत्राला नवा नियम शिकवला: वस्तू पांढरी असेल, गोलसर असेल आणि तिच्या मागे बर्फावर लांब रेघ असेल, तर ती वळकटी समज आणि सोडून दे. लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बटण दाबलं. आवाज थांबला. चारशे बाराचे नऊ झाले. ते नऊ मी स्वतः पाहिले: एक हातगाडी, दोन पोती, बाकी वळकट्याच, पण वेड्यावाकड्या.

"झालं," मी म्हणालो.

कोंदो-साननी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे वळून मान लववली, "आभारी आहे," म्हणाले. आणि कागदाकडे वळले. "योशी!"

मला हसू आलं. मी पडद्याचा फोटो काढून तोयोसुला साहेबांना पाठवला. आधी चारशे बारा, नंतर नऊ. उत्तरादाखल त्यांचा शाबासकीचा अंगठा आला. मग मी बाहेर पायरीवर जाऊन ओवीला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, कोणी केले ते?"

"वाऱ्याने."

"उसो!" म्हणजे "खोटं!" मग तिने आईला हाक मारली. शुभदा पोळपाटावरून उठून आली, हाताला कणीक. "अरे प्रसाद, टोपी कुठाय तुझी?" एवढं मोठं आश्चर्य दाखवतोय आणि हिला टोपी. आम्ही हसत होतो. मागून आतून दर काही सेकंदांनी तो आवाज येत होता, योशी, योशी, योशी. मी फोन त्या आवाजाकडे धरून ओवीला डोळा मारला.

मग आवाज आला नाही.

मी आत वळून पाहिलं. कोंदो-सानचं बोट पडद्यावर रोखलेलं होतं आणि तोंड उघडं होतं.

"बापट-सान. एकशे सदुसष्ट."

मी बघितलं. पांढरा गोल ठिपका, मागे रेघ. आजूबाजूला तसेच दहा-पंधरा. "वळकटीच आहे," मी म्हणालो.

"वारा कुठून होता?"

"समुद्राकडून."

"सगळ्यांची रेघ समुद्राकडून डोंगराकडे आलीय," ते म्हणाले. बोट पडद्यावरून हळूहळू सरकत होतं. "हिची डोंगराकडून समुद्राकडे गेलीय. बर्फ वाऱ्याच्या उलट घरंगळतो का?"

मी ते चित्र मोठं केलं. रेघ अखंड नव्हती. ती ठिपक्याठिपक्यांची होती. पावलांची. ती सरळही नव्हती. एका वळकटीपाशी जायची, थांबायची, मग पुढच्या वळकटीकडे वळायची. आणि टोकाशी जो गोल होता त्याला फिकट रंगाची कानटोपी होती.

पांढरं, गोलसर, मागे लांब रेघ. मी लिहिलेल्या नियमात ती बाई कापून बसवल्यासारखी बसत होती. तिचा अलार्म वाजलेला होता. यंत्राने तिला पाहिलं होतं, हाकही मारली होती, आणि मी त्याचं तोंड दाबलं होतं. बटण दाबल्यापासून अठरा मिनिटं झाली होती.

कोंदो-साननी फोन उचलला तेव्हा मी दाराबाहेर पोचलोही होतो. मला धावता येत नाही; त्या दिवशी मी किती वेळा पडलो मोजलं नाही. मांडीपर्यंत पाय रुतत होते. वळकट्यांमधून जाताना त्यांच्या भोकांतून पलीकडचं आकाश दिसत होतं आणि मी कुठे बघावं हेच कळत नव्हतं, कारण सगळं पांढरं, सगळं गोल. मी मराठीत ओरडत होतो. "आजी! ओ आजी!" जपानी एक शब्द आठवला नाही.

ती गुडघ्यांवर बसलेली होती, पांढुरकी रजई-जाकीट घालून, एका मोठ्या वळकटीला टेकून. हातमोजे नव्हते. एक तळवा वळकटीवर ठेवलेला, जणू वरचा बर्फ पुसून काही वाचायचं होतं. डोळे उघडे होते. माझ्याकडे वळले नाहीत. ओठ जांभळे, आणि ती थरथरत नव्हती. थरथर थांबणं वाईट, हे मला या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी माझे स्वेटर काढून तिच्याभोवती गुंडाळले, तिचे हात माझ्या काखेत धरले आणि नुसता बडबडत राहिलो. स्वयंसेवक आले, त्यांच्या मागून ॲम्ब्युलन्स आली. तिला उचलताना ती पहिल्यांदा बोलली. एकच शब्द, "उकी."

तिला नेल्यावर कोंदो-सान माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"उकी म्हणजे?" मी विचारलं.

"समुद्रात कालवांच्या दोऱ्या तरंगत्या ठेवायला मोठे गोल तरंगे असतात, ते." ते त्या शेताकडे बघत होते. "या ओइकावा-सान. पलीकडच्या, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या. लाटेत घर गेलं, म्हणून इथे आणलं. त्यांची कालवांची शेती होती. लाट ओसरल्यावर तिथल्या भातखाचरांत ते तरंगे असेच पडले होते. शेकडो. मी मदतीला गेलो होतो, पाहिलंय. प्रत्येक घर आपल्या तरंग्यावर आपलं चिन्ह रंगवतं. कुणाचं काय हे लोक त्या चिन्हावरून शोधायचे."

"आणि त्यांचे यजमान?"

"धक्के थांबल्यावर होडी बघायला गेले. सापडले नाहीत."

मग मला ती पावलं कळली. एका वळकटीपासून दुसऱ्या वळकटीकडे. सकाळी खिडकी उघडली आणि तिला तेच शेत दिसलं. चार वर्षांनी, दुसऱ्या समुद्राच्या काठी. ती आपलं चिन्ह शोधायला निघाली.

दुपारी अहवाल लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, "सिस्टीमने व्यक्तीचं चुकीचं वर्गीकरण केलं." कोंदो-साननी वाचलं आणि पेनाचं मागचं टोक एका शब्दावर ठेवलं.

"सिस्टीम म्हणजे कोण?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. मी ते खोडलं आणि माझं नाव लिहिलं. अठरा मिनिटंही लिहिली. तोयोसुच्या साहेबांनी नंतर फोनवर विचारलं, "एवढं तपशिलात लिहायची गरज होती का, बापट-सान?" काम मात्र आमच्याकडेच राहिलं. त्या कचेरीने पुढे एकच अट घातली, की यादीतलं काहीही यंत्राने परस्पर पुसायचं नाही. ती अट आज आमच्या सगळ्या कामांत आहे. नव्या पोरांना मी ती शिकवतो, पण ती कुठून आली हे विचारलं की चहा घ्यायला उठतो.

तिसऱ्या दिवशी गोड पदार्थांचं खोकं घेऊन दवाखान्यात गेलो. चूक झाली की इथे खोकं नेतात आणि वाकतात. मी वाकलो. रात्रभर घोकलेलं जपानी म्हणून टाकलं: तुम्हाला शोधायला माझ्यामुळे उशीर झाला, मला क्षमा करा.

ओइकावा-सान उशीला टेकून बसल्या होत्या. बोटांना पट्ट्या. चेहरा लहान, उन्हाने रापलेला. मी काय म्हणतोय ते त्यांना कळलं की नाही, मला अजून माहीत नाही.

"तुमचे स्वेटर धुऊन द्यायचे आहेत," त्या म्हणाल्या. मग थोड्या पुढे झुकल्या. "माझे बघून झाले नाहीत. तेवीस झाले. बाकीचे तुम्ही पाहिलेत?"

ते बर्फाचे होते, असं सांगायला मी तोंड उघडलं. त्यांना ते ठाऊक होतं. डोळ्यांवरून दिसत होतं की आता ठाऊक आहे. तरी त्या विचारत होत्या.

"चिन्ह कसं होतं?"

पट्टी बांधलेल्या बोटाने त्यांनी चादरीवर काढून दाखवलं. एक गोल, आत एक फुली, फुलीच्या खाली आडवी रेघ.

मी कचेरीत परतलो. बाहेर शेतात काही उरलं नव्हतं. दुपारच्या उन्हात सगळ्या वळकट्या खचून गेल्या होत्या. पण चित्रं होती. मी पहिल्यापासून एकेक उघडली. मोठी केली, कडा पाहिल्या, वरची बाजू पाहिली, भोकाच्या आत पाहिलं. बर्फ, बर्फ, बर्फ. कोंदो-सान काय करताय म्हणून विचारायला आले, पडदा पाहिला, आणि दुसरी खुर्ची ओढून बसले. चारशे बारा बघायला आम्हाला अंधार पडेपर्यंत वेळ लागला.

मग दवाखान्यात फोन लावला. नर्सने त्यांना दिला.

"सगळे पाहिले," मी म्हणालो. "तुमचं चिन्ह कशावरच नव्हतं."

"हो का," ओइकावा-सान म्हणाल्या. "मग ते अजून समुद्रातच आहेत."